अपघाताच्या परिच्छेदात अडकलेला अल्बम: हनोई रॉक्सच्या 'टू स्टेप्स फ्रॉम द मूव्ह'चं प्रकरण

हनोई रॉक्सचं नाव निघालं की गोष्ट ठरलेली असते. फिनलंडची पिंजारलेल्या केसांची, डोळ्यांत काजळ घातलेली पोरं, अमेरिकेचा पहिला दौरा, डिसेंबर १९८४, मोटली क्रू या अमेरिकी बँडच्या गायकाची, विन्स नीलची, गाडी, ड्रमर रॅझलचा मृत्यू, बँड बंद. सांगणारा शेवटी सुस्कारा टाकतो: तो अपघात झाला नसता तर ही मंडळी कुठल्या कुठे पोचली असती!

या 'तर'खाली एक अख्खा अल्बम गाडला गेलाय. 'टू स्टेप्स फ्रॉम द मूव्ह', १९८४, रेकॉर्ड कंपनी सीबीएस, निर्माता बॉब एझ्रिन, दहा गाणी. ग्लॅम मेटलच्या, म्हणजे नटूनथटून वाजवलेल्या वजनदार गिटारच्या रॉकच्या, याद्यांत तो क्वचित दिसतो, आणि दिसला तरी त्याच्यातल्या गाण्यांबद्दल दोन ओळी सापडणं मुश्किल. अपघाताने बँड संपवला यात वादच नाही. पण अल्बम मागे पडण्याची बरीचशी कारणं अपघाताआधीच तयार होती, आणि उरलेली पुढच्या पाच-सहा वर्षांत इतरांनी पुरवली, असं मला वाटतं. रॅझलच्या मृत्यूचं कारण सगळ्यांना पाठ आहे. त्याने वाजवलं काय, हे फार थोड्यांना आठवतं.

आधीची वाट

बँड जमला हेलसिंकीत, १९७९-८० च्या सुमारास. गिटारवर अँडी मॅकॉय, म्हणजे पाळण्यातलं नाव अंटी हुल्को. गायला मायकल मन्रो, म्हणजे मत्ती फागरहोल्म. दुसऱ्या गिटारवर नॅस्टी सुइसाइड, बेसवर सॅमी याफा, ड्रम्सवर लवकरच जिप कॅसिनो. फिनलंडमध्ये या अवतारात फिरणं सोपं नव्हतं, म्हणून ही मंडळी स्टॉकहोमला गेली. तिथे खिशात दमडी नाही, डोक्यावर छप्पर नाही, अशी कित्येक महिन्यांची फरफट झाल्याचं ते स्वतःच सांगत आले आहेत. पहिला अल्बम १९८१ मध्ये योहाना या फिनिश कंपनीने काढला. मग मुक्काम लंडनला हलला.

लंडनमध्ये १९८२ साली जिप कॅसिनो गेला आणि निकोलस डिंगली आला. आइल ऑफ वाइट बेटावर वाढलेला हा इंग्रज पोरगा म्हणजेच रॅझल. फिनिश बँडमधला एकटा परका, आणि बडबडीत सगळ्यांच्या वरचढ. बँडला भेटून, तुमचे ड्रम्स मीच वाजवणार असं त्याने स्वतःहून सांगितलं, ही कथा चाहत्यांमध्ये प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी आलेल्या 'सेल्फ डिस्ट्रक्शन ब्लूज'च्या मुखपृष्ठावर रॅझलचा फोटो आहे, पण आतली गाणी आधीची, जिप कॅसिनोने वाजवलेली. म्हणजे रॅझलचं या बँडबरोबरचं खरं स्टुडिओतलं काम दोनच अल्बमांत आहे: १९८३ चा 'बॅक टू मिस्टरी सिटी' आणि १९८४ चा हा. जोडीला लंडनच्या मार्की क्लबातला डिसेंबर १९८३ चा लाइव्ह अल्बम. बस, एवढीच पुंजी.

आता त्यांच्या संगीताचं गोत्र. यांचे देव न्यूयॉर्क डॉल्स, मॉट द हूपल, ॲलिस कूपर, रोलिंग स्टोन्स. याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जे ग्लॅम मेटल शिजत होतं, त्याने केस आणि लिपस्टिक ग्लॅममधून घेतली, पण गिटारचं वजन व्हॅन हेलन आणि ज्यूडस प्रीस्टकडून. तिथे लीड गिटारवाल्याची बोटं किती वेगाने पळतात यावर गाणं तोललं जायचं. मॅकॉय तसा वाजवतच नाही. त्याचा हात सैल आहे, सूर थोडे तिरके लागतात, आणि त्याला धून सुचते. मन्रो सॅक्सोफोन आणि हार्मोनिका वाजवतो. मेटलच्या माणसाला सॅक्सोफोन दाखवला की तो जरा संशयानेच बघतो.

एझ्रिन काय घेऊन आला

१९८३ मध्ये सीबीएसशी करार झाला. पैसा आला आणि पैशाबरोबर मोठा निर्माता आला. एझ्रिन टोरांटोचा. ॲलिस कूपरचे सत्तरच्या दशकातले गाजलेले अल्बम, लू रीडचा 'बर्लिन', किसचा 'डिस्ट्रॉयर', पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' या सगळ्यांमागे त्याचा हात आहे. ॲलिस कूपरवर वाढलेल्या पोरांना हा माणूस मिळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आदल्या अल्बमला मॉट द हूपलचे डेल ग्रिफिन आणि ओव्हरेंड वॉट्स निर्माते होते. या वेळी त्याच बँडचा गायक इयन हंटर शब्दांच्या मदतीला आला. एझ्रिननेही गीतलेखनात हात घातला.

मदत हवीच होती. मॅकॉयच्या धुना पहिल्यापासून अव्वल, पण त्याचे इंग्रजी शब्द अनेकदा धुनेच्या मागे धापा टाकत धावतात. जुन्या अल्बमांचे भक्त हे मान्य करत नाहीत. त्यांच्या मते एझ्रिनने बँडला आंघोळ घालून, भांग पाडून शाळेत पाठवलं. तक्रार अगदीच खोटी नाही. 'ओरिएंटल बीट' या जुन्या अल्बममधला कळकटपणा इथे नाही, कोरस अनेक पदरांनी रचलेले आहेत, प्रत्येक वाद्याला आपापली जागा आहे. पण हा युक्तिवाद हवेत करण्याची गरज नाही, कारण अल्बममध्येच एक तयार प्रयोग आहे.

'डोन्ट यू एव्हर लीव्ह मी' हे गाणं नवीन नव्हतं. १९८१ च्या पहिल्या अल्बमवर ते 'डोन्ट नेव्हर लीव्ह मी' या नावाने आलं होतं. तेच गाणं, तोच गायक, तोच गिटारवाला. बदलले ते ड्रमर, निर्माता आणि बजेट. दोन्ही लागोपाठ ऐका. जुन्या ध्वनिमुद्रणात सगळे जण एकाच वेळी पुढे यायला बघतात आणि आवाज पत्र्यासारखा पातळ आहे. नवीन गाण्यात रॅझल पहिल्या कडव्यात जवळजवळ काहीच करत नाही. ठेका धरतो आणि थांबतो. मन्रोला रडायला जागा देतो. मग कोरसला जो उठाव मिळतो, तो त्या थांबण्यातून मिळतो. गाण्याला कधी सोडायचं आणि कधी धरायचं हे कळणारा ड्रमर त्या काळच्या या पंथात दुर्मीळच. बाकीच्यांनी ढोल मोठे करण्यावर भर दिला होता, इतका की दशकाच्या अखेरीस प्रत्येक अल्बमचा स्नेअर, म्हणजे ठेक्याचा मुख्य ढोल, एखाद्या रिकाम्या गोदामात बडवल्यासारखा ऐकू येतो.

जुनं गाणं आवडणारे लोक मला भेटलेत. त्यांना त्यात कोवळेपणा दिसतो. तो आहेच. पण गाणं म्हणून उभं राहतं ते १९८४ चं.

पहिली बाजू

अल्बम सुरू होतो 'अप अराउंड द बेंड'ने. मूळ गाणं क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं, जॉन फॉगर्टीने लिहिलेलं, १९७० चं. पहिली सिंगल, म्हणजे सुटं विकायचं गाणं, म्हणून कंपनीने हेच काढलं. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ते ६१ व्या क्रमांकापर्यंत पोचलं. अल्बम २८ व्या क्रमांकापर्यंत गेला.

या निर्णयावर थोडं थांबायला हवं. बँडच्या दृष्टीने गाणं मजेदारच आहे. ती सुरुवातीची गिटार मॅकॉयच्या हातात चमकते, आणि रॅझल मूळ गाण्याचा रमतगमत चालणारा ठेका उचलून धावायला लावतो. पण जगाला पहिली ओळख करून देताना उसनं गाणं पुढे करायचं, तेही चौदा वर्षं रेडिओवर वाजलेलं, म्हणजे आपल्याच गीतकारावर विश्वास नसल्याचं जाहीर करणं. क्वायट रायटने १९८३ मध्ये स्लेडचं गाणं नव्याने गाऊन अमेरिकेत धमाल उडवली होती आणि त्यांचा अल्बम तिथल्या यादीत पहिला आला होता. ते बघून कुणाच्या तरी तोंडाला पाणी सुटलं असावं, असा माझा अंदाज. फरक इतकाच की स्लेडचं ते गाणं अमेरिकेत फारसं चाललं नव्हतं, त्यामुळे तिथल्या पोरांना ते नवं होतं. क्रीडन्सचं गाणं तिथे घराघरात माहीत. ऐकणारा लगेच तुलनेला बसतो.

दुसरं 'हायस्कूल', धसमुसळं आणि छोटं. पंकचे संस्कार अजून गेले नाहीत हे दाखवणारं. तिसरं 'आय कान्ट गेट इट'. आणि मग 'अंडरवॉटर वर्ल्ड', जे पहिली सिंगल व्हायला हवं होतं असं मी कुणाशीही पैज लावून म्हणेन. बेस आणि ड्रम्स खाली एक जाड, सलग लाट चालू ठेवतात आणि मन्रो वर पोहतो. त्याच्या कोरसमध्ये 'वेलकम टू द जंगल' हे शब्द येतात. तीन वर्षांनी गन्स एन' रोझेसने त्याच शब्दांचं गाणं काढलं आणि दुनिया हलवली. दोन गाण्यांचं संगीत वेगळं, मजकूर वेगळा, त्यामुळे चोरीबिरीचा आरोप करणं पोरकटपणा होईल. पण त्यांचा गायक ॲक्सल रोझ हनोई रॉक्सचा भक्त होता हे त्याने कधी लपवलं नाही.

या चार गाण्यांत रॅझलकडे कान द्या. तो मेटलचा ड्रमर नाही. त्याच्या वाजवण्यात झोका आहे, म्हणजे ठेका समेवर ठोकून बसत नाही, किंचित डुलत येतो. गिटारवाले दोघे एकमेकांच्या अंगावर पडत वाजवणारे, त्यांना खांबासारखा ड्रमर दिला असता तर ते मोडले असते. रॅझल त्यांच्याबरोबर डुलतो आणि तरी पडू देत नाही. लॉस एंजेलिसच्या बँडनी यांच्याकडून कपडे, केस, ओढण्या, सगळं उचललं. हा झोका मात्र जवळजवळ कुणालाच उचलता आला नाही. पुढे गन्स एन' रोझेसच्या पहिल्या अल्बमवर स्टीव्हन ॲडलरकडे तो ऐकू येतो, आणि तो अल्बम बाकीच्यांपेक्षा वेगळा वाटण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

दौरा आणि ८ डिसेंबर

हा भाग थोडक्यात, कारण तो सगळीकडे सविस्तर सापडतो. १९८४ च्या शेवटी बँड पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला कार्यक्रमात मन्रोचा घोटा मोडला आणि पुढचे काही कार्यक्रम रद्द झाले. मोकळा वेळ मिळाला तो लॉस एंजेलिसमध्ये. ८ डिसेंबरला विन्स नीलच्या रेडोंडो बीचच्या घरी पार्टी चालू असताना दारू संपली, म्हणून नील आणि रॅझल गाडी घेऊन निघाले. नील दारू प्यालेला होता आणि गाडी तोच चालवत होता. समोरून येणाऱ्या गाडीवर धडक झाली. रॅझल गेला, नुकताच २४ वर्षांचा झाला होता. दुसऱ्या गाडीतले दोघे गंभीर जखमी झाले. नीलला ३० दिवसांची कैद झाली, तीही त्याने पूर्ण भोगली नाही. शिवाय सुमारे २६ लाख डॉलरची भरपाई आणि २०० तासांचं समाजकार्य.

अल्बमच्या दृष्टीने पुढचे सहा महिने महत्त्वाचे. जानेवारी १९८५ च्या सुरुवातीला हेलसिंकीत रॅझलच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. ड्रम्सवर क्लॅश या इंग्रज पंक बँडचा जुना ड्रमर टेरी चाइम्स बसला. त्यानंतर सॅमी याफा बाहेर पडला, नवा बेसवाला घेऊन काही दिवस ढकलले, आणि १९८५ चा उन्हाळा येईस्तोवर सगळं आटोपलं. म्हणजे जेमतेम वर्षभराच्या अल्बमला वाजवायला बँडच नाही. त्या काळात अल्बम विकला जायचा तो गावोगावच्या दौऱ्यावर आणि टीव्हीवरच्या व्हिडिओवर. कंपनीकडे दोन्हींसाठी माणसंच उरली नव्हती.

वारसा कुणाकडे गेला

१९८५ मध्ये मोटली क्रूचा 'थिएटर ऑफ पेन' आला. तो रॅझलला अर्पण केलेला आहे. आधीच्या अल्बमवर हेच लोक काळं चामडं आणि खिळे घालून उभे होते. आता लेस, ओढण्या, रंगीत कापडं. दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवून बघा, मी वेगळं काही म्हणत नाही. १९८६ मध्ये पॉयझन आलं, आणि त्यांच्या पहिल्या अल्बमवरचे रंगवलेले चेहरे बघून मन्रोचे चार भाऊ हरवले होते की काय असं वाटतं. अर्पणपत्रिकेबद्दल एक कडवट बाब सांगायलाच हवी. २००३ मध्ये मोटली क्रूच्या जुन्या अल्बमांचा संच निघाला. त्याचं नाव ठेवलं होतं 'म्युझिक टू क्रॅश युअर कार टू'. ज्याने कुणी हे नाव मंजूर केलं, त्याच्या अकलेबद्दल काय बोलावं.

खरी गंमत गन्स एन' रोझेसच्या बाबतीत झाली. त्यांनी मनापासून ऋण फेडलं. उझी सुइसाइड या आपल्या नावापुरत्या कंपनीतर्फे त्यांनी हनोई रॉक्सचे जुने अल्बम अमेरिकेत पुन्हा काढले. मन्रोच्या १९८९ च्या एकट्याच्या गाण्याच्या व्हिडिओत ॲक्सल दिसतो. 'यूज युअर इल्यूजन'च्या पहिल्या भागात 'बॅड ऑब्सेशन'वर मन्रो हार्मोनिका आणि सॅक्सोफोन वाजवतो. पण पुन्हा निघालेले अल्बम होते सीबीएसच्या करारापूर्वीचे आणि मार्कीचा लाइव्ह. 'टू स्टेप्स' सीबीएसचा, अमेरिकेत त्यांच्याच एपिक या नावाखाली निघालेला, म्हणून तो त्या खटाटोपात नव्हता. परिणाम असा की गन्स एन' रोझेसचं बोट धरून जी नवी पिढी या बँडकडे आली, तिने सुरुवात पहिल्या, कच्च्या अल्बमपासून केली आणि तोच 'खरा' हनोई रॉक्स मानला. सर्वांत सफाईदार अल्बम दारातच राहिला.

आपल्याकडे तर सगळंच आणखी उशिरा. एमटीव्ही स्टारवरून १९९१ मध्ये आलं, तेव्हा हा पंथ अखेरच्या घटका मोजत होता. आपल्या पिढीने पाहिले ते वारसदार. पूर्वज कोण, हे विचारायला कारणच नव्हतं.

आता त्या 'तर'कडे. अपघात झाला नसता तर बँड मोठा झाला असता? मला शंका आहे. बँडच्या घरातच हेरॉइन होतं. मॅकॉय आणि सुइसाइड दोघेही त्याबद्दल पुढे मोकळेपणाने बोलले आहेत. या अल्बमवरचं 'बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स' त्याच विषयावर आहे, आणि ते बाहेरून बघणाऱ्याने लिहिलेलं वाटत नाही. शिवाय १९८४ मध्ये रॅट, ट्विस्टेड सिस्टर, वॉस्प यांनी अमेरिकी कानांना जी सवय लावली होती, तिच्यात झोका आणि सॅक्सोफोन बसत नव्हता. हनोई रॉक्सच्या तऱ्हेच्या संगीताला बाजार मिळायला १९८७ उजाडावं लागलं. तोवर हे टिकले असते का, हे त्यांच्याच गाण्यावरून ठरवा.

दुसरी बाजू, आणि उणं

अल्बम निर्दोष नाही. 'बॉयलर'ची मजा बँडला वाजवताना आली असेल, मला ऐकताना येत नाही. बायकांवरचा तो शेरेबाज विनोद त्या काळीही शिळाच होता. 'कटिंग कॉर्नर्स' शेवटचं गाणं म्हणून कमी पडतं. 'फ्युचुरामा' वेगवान आहे, पण त्याला 'हायस्कूल'ची सर नाही. दहातली तीन गाणी कमअस्सल, हा हिशेब त्या दशकाच्या या पंथात चांगलाच म्हणायचा. प्लॅटिनम मिळवलेल्या कित्येक अल्बमांत दोन गाणी चांगली आणि आठ भरताड असत.

पण दुसऱ्या बाजूची सुरुवात 'मिलियन माइल्स अवे'ने होते, आणि तिथे एझ्रिनला का आणलं होतं ते कळतं. संथ गाणं, मन्रोचा सॅक्सोफोन, मागे वाढत जाणारे थर. दशकातल्या बहुतेक पॉवर बॅलडना एकच युक्ती माहीत असते: दोन कडवी हळू, मग ड्रम्सचा गडगडाट, मग लायटर वर. इथे गडगडाट होतच नाही. रॅझल शेवटपर्यंत आवरून वाजवतो. रॅझल गेल्यानंतर चाहत्यांनी हे गाणं त्याच्याच नावाने ऐकायला सुरुवात केली, आणि शीर्षक बघता ते साहजिक आहे. मी म्हणेन, एक वेळ तो संदर्भ बाजूला ठेवून फक्त हायहॅटकडे, म्हणजे ड्रम्सवरच्या झांजांच्या जोडीकडे, लक्ष द्या. मग लगेच 'बुलेव्हार्ड' लावा, 'बॉयलर' गाळा, आणि पुन्हा पहिल्या बाजूला 'अंडरवॉटर वर्ल्ड'कडे जा. रेकॉर्ड असेल तर उठून बाजू बदलावी लागेल, एवढाच काय तो त्रास.